व इतर कलाकार

श्रीहरी हुद्दार मास्तर माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. हुबळीजवळच्या सप्तापुरातल्या निम्म्या पोरांना त्यांनी शाळेत गणित शिकवलं, नापासांना घरी बोलावून फुकट शिकवलं. कुणाकडे मुंज असो की मयत, मास्तर हजर. पण माणसाच्या पोटात एक जागा अशी असते की तिथं नुसतं बोट लागलं तरी कळ येते. मास्तरांच्या त्या जागेचं नाव होतं दत्तण्णा.

दत्तण्णा म्हणजे पेटीवाला. अळणावरकडच्या खेड्यातला, बस डेपोत इंजिनं खोलून आयुष्य काढलेला. नखांतलं काळं ग्रीस रिटायर झाल्यावरही गेलं नाही. पण तीच बोटं पेटीवर पडली की समोरचा माणूस हातातला चहा प्यायचा विसरायचा. मास्तर तिथल्या मराठी मंडळाच्या संगीत नाटकातले नायक. उंचपुरे, गोरे, अंगावर भरजरी उपरणं, आणि सगळी मोठी पदं त्यांच्याच तोंडी. बरं, प्रयोग संपला की बाहेर मिरची-भजी खात लोक काय म्हणायचे? "काय पेटी वाजवली हो त्या माणसानं!" आता तुम्हीच सांगा, कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही?

तेही मास्तरांनी गिळलं असतं. पण अठ्ठ्याण्णव सालच्या प्रयोगात एक घडलं. तिसऱ्या अंकातलं नायकाचं मोठं पद. मास्तरांनी पहिली ओळ झोकात घेतली, आणि दुसरी गेली. गेली म्हणजे गेलीच! समोर साडेतीनशे माणसं. तेवढ्यात दत्तण्णानं मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पेटीवर तीच पहिली ओळ उचलली, फिरवली, नटवली, दोन आवर्तनं अशी वाजवली की हे मुळातच नाटकात असावं. आणि समेवर येता येता, मान खाली घालून, दुसरी ओळ हळूच पुटपुटला. मास्तरांनी ती पकडली. लोकांनी 'वन्स मोअर' दिला. कुणाला काही कळलं नाही. कळलं ते फक्त दोघांना, आणि दत्तण्णानं पुढं कधी त्याचा शब्द काढला नाही. काढला असता, चारचौघांत हसला असता, तर मास्तर एकदाचे भांडून मोकळे झाले असते. उपकार करून गप्प बसणाऱ्या माणसाचं करायचं काय?

मास्तरांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. मंडळाचं चार पानांचं 'मंडळवार्ता' नावाचं पत्रक दर महिन्याला निघायचं. त्याचे संपादक मास्तर, बातमीदार मास्तर. मजकूर पिशवीत घालून हुबळीला जायचं, दुर्गदबैलच्या बाजारातल्या एका छापखान्यात बसून प्रूफंही आपणच तपासायची. त्या प्रयोगाच्या बातमीत त्यांनी नायकाचं नाव लिहिलं, नायिकेचं लिहिलं, पडदा ओढणाऱ्याचं लिहिलं, खुर्च्या देणाऱ्या मंडपवाल्याचेसुद्धा आभार मानले. आणि शेवटी लिहिलं, 'व इतर कलाकारांनी चांगली साथ दिली.' पूर्णविराम दिला तेव्हा पोटात कसं गार गार वाटलं त्यांना! मग ती सवयच लागली. गणेशोत्सव असो, कोजागिरी असो, दत्तण्णा तीन तास पेटी वाजवायचा आणि पत्रकात 'व इतर' होऊन बसायचा. एक नाही, दोन नाही, सत्तावीस वर्षं.

"अहो, एकदा तरी नाव घाला की त्यांचं," रोहिणीबाई म्हणायच्या. रोहिणीबाई म्हणजे मास्तरांची बायको. पत्रकाच्या घड्या घालून त्यावर पत्ते चिकटवायचं काम त्यांच्याकडे.

"जागा नसते गं," मास्तर म्हणायचे.

हेच त्यांनी एकदा दत्तण्णालाही सांगितलं होतं, त्यानं न विचारता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तर यंदा काय झालं, पालिकेनं जुनं सभागृह दुरुस्त केलं. उद्घाटनाला प्रत्येक वॉर्डातल्या एका ज्येष्ठ कलावंताचा सत्कार करायचा ठरलं. एका वॉर्डातून एकच नाव. मास्तरांना सत्तरावं लागलं होतं. आजवर त्यांनी शेकडो शालींच्या बातम्या लिहिल्या, पण त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर कुणी शाल घातली नव्हती. ही शाल त्यांना हवी होती. लहान मुलाला हवी असावी तशी हवी होती, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. अर्जाला छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं जोडा, अशी अट वाचली आणि मास्तरांना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. कात्रणं? या वॉर्डात त्यांच्याइतकी कात्रणं होती कुणाकडे?

अशा आनंदात सकाळी ते फाइल लावत बसले होते, तोच फाटक वाजलं. दत्तण्णा!

"मास्तर, नमस्कार री. निवेदिता अक्कांनी मलाही अर्ज भरायला लावलाय बघा." निवेदिता अक्का म्हणजे वॉर्डाच्या नगरसेविका. "गणपतीत पेटी ऐकली म्हणे त्यांनी. मी म्हटलं, ब्याड री, मला नको. ऐकतच नाहीत. कात्रणं जोडायची ती कशी, तेवढं विचारायला आलो."

मास्तरांच्या पोटात ती जागा अशी दुखली की हातातली टाचणी बोटात घुसली. गणपतीत त्यांचंही गाणं होतं की! तासभर होतं. अक्कांना ऐकू आली ती पेटीच का? आणि मग एकाएकी त्यांना हसू फुटलं. कात्रणं! याच्याकडे कसली कात्रणं असणार?

"घ्या की," मास्तर म्हणाले. एवढं गोड ते गेल्या दहा वर्षांत बोलले नव्हते. "कपाटात सगळे जुने अंक आहेत. हवे ते न्या."

"नको, घरी आहेत सगळे. आमची बायको, कृष्णाबाई, एकेक अंक जपून ठेवते."

"मग झालं तर! आपली बातमी कापायची, आपलं नाव दिसेल असं चिकटवायचं. सोपं आहे."

दत्तण्णा मान डोलावून गेला. आतून रोहिणीबाई बाहेर आल्या, नवऱ्याकडे बघितलं आणि परत आत गेल्या. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. मास्तरांनी तशीच भुरकली. ते इतके खुशीत होते.

सोमवारी दोघांनाही वॉर्ड ऑफिसात बोलावणं आलं. मास्तरांची फाइल जाड, प्लास्टिकच्या कव्हरातली, जिथं जिथं आपलं नाव तिथं पिवळा रंग फासलेला. दत्तण्णा कापडी पिशवी घेऊन आला होता. निवेदिता अक्का चाळिशीच्या, चटपटीत, कन्नड घरातल्या. मराठी बोलायच्या, पण वाचायचा कंटाळा. मास्तरांची फाइल त्यांनी भराभर उलटली, "छान, सर, छान," म्हणाल्या, आणि दत्तण्णाच्या पिशवीतला गठ्ठा पुढं ओढला.

"अक्षरं लावता येतात मला, हिंदी होतं शाळेत. पण वेळ लागतो. सर, तुम्हीच वाचा की."

मास्तरांनी चष्मा लावला. पहिलं कात्रण अठ्ठ्याण्णव सालचं. कागद पिवळा पडलेला, पण घडी सरळ. शेवटच्या ओळीतल्या 'व इतर'खाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ, पट्टी लावून मारावी तशी. मास्तरांनी वाचलं. दुसरं घेतलं. तिथंही तेच, रेघ. तिसरं. चौथं. स्वतःचीच वाक्यं स्वतःच्या तोंडानं वाचताना त्यांचा आवाज बसत चालला. 'व इतर कलाकारांनी रंगत आणली.' 'व इतर कलाकार उपस्थित होते.' 

"थांबा सर," अक्का म्हणाल्या. "इतर म्हणजे आमच्या कन्नडातही इतरच. सगळ्या कागदांवर याच शब्दाला रेघ आहे. यार री इवरु? कोण हे इतर?"

दत्तण्णा लाजून हसला. "मीच की, अक्का. आमच्या कृष्णाबाईनं मारल्यात रेघा. अंक आला की आधी ते शोधते आणि तांबडी रेघ मारते. नातवंडांना दाखवते, हे बघा, हे आपले अज्जा."

"पण नाव कुठंय?"

"नाव कशाला? कार्यक्रम झाल्याशी कारण."

अक्कांनी गठ्ठा ओढून एकेक कात्रण मोजलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. "एकशे अठरा आहेत. सरांचीसुद्धा एवढी नाहीत. हे बघा सर, तुम्ही संपादक. हे इतर म्हणजे दत्तण्णाच, एवढं एका कागदावर लिहून सही द्या. मग मी पुढचं बघते."

झालं! टेबलावर कोरा कागद आला, त्यावर पेन आलं. एक ओळ लिहायची होती. ती ओळ खरी होती, आणि ती लिहिली की शाल गेली. मास्तरांनी दत्तण्णाच्या नखांकडे बघितलं, त्या तांबड्या रेघांकडे बघितलं. एखादा माणूस विरघळला असता. मास्तरांना मात्र उलट चीड आली. हाही मान यालाच? मी नाव घालायचं नाही, आणि याच्या बायकोनं माझ्याच ओळींतून नवऱ्याचा सत्कार करत बसायचं? सत्तावीस वर्षं माझ्या नाकावर टिच्चून? सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

"फार वर्षांचं आहे हो," ते म्हणाले. "इतर म्हणजे नक्की कोण कोण, आता मला आठवत नाही."

दत्तण्णानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. फक्त एकदा. अठ्ठ्याण्णव साली दुसरी ओळ गेली तेव्हा पाहिलं होतं, अगदी तसंच. मग अक्कांकडे वळला.

"मास्तरांचं बरोबर आहे, अक्का. किती कार्यक्रम, किती माणसं. कधी कधी दुसरंही कोण वाजवायचं. मास्तरांचंच नाव घाला. इरली बिडरी, राहू द्या ते." आणि कात्रणं गोळा करून, कडा जुळवून, त्यानं ती पिशवीत परत ठेवली.

सत्कार झाला. हार, शाल, फळांची करंडी, डोक्यावर म्हैसुरी पेटा. भाषणांत मास्तरांचं नाव पाच वेळा घेतलं गेलं. मास्तरांनी मोजलं. मग अक्का म्हणाल्या, "सर, दोन ओळी म्हणा की." ईशस्तवनाला साथ करून दत्तण्णा पेटीपाशीच बसलेला. मास्तरांना धडकी भरली. हल्ली वरचा सूर लागत नव्हता. घरी न्हाणीतसुद्धा फाटायचा. पण नाही कसं म्हणणार? डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, वरच्या जागेपाशी आले, श्वास धरला, आणि सूर लागला. अलगद, स्वच्छ लागला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "आवाज अजून तस्साच आहे हो!"

मास्तरांनी डोळे उघडून पेटीकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांची पट्टी जन्मभर पांढरी दोन. दत्तण्णानं न विचारता, न सांगता, काळी एकचा सूर दिला होता. अर्धा सूर खाली. म्हाताऱ्या गळ्याला झेपेल एवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकून मास्तर बातमी लिहायला बसले. अकराच्या बसनं मजकूर हुबळीला पोचायचा होता. स्वतःचं नाव लिहिलं. अक्कांचं लिहिलं. मग 'पेटीवर' असं लिहिलं आणि हात थांबला. पोटातली ती जागा दुखतच होती, खोटं कशाला बोला. पण काल रात्रभर ती काळी एक कानातून गेली नव्हती. त्यांनी दात आवळले आणि लिहिलं, 'श्री. दत्तात्रेय'. पुढं?

पुढचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"अगं," त्यांनी हाक मारली, "दत्तण्णांचं आडनाव काय गं?"

रोहिणीबाई दारात कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "मला ठाऊक आहे. पण मी नाही सांगायची. तुम्ही विचारा."

मास्तरांनी फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"मास्तर, नमस्कार री! काल काय लागला तुमचा आवाज!"

"दत्तण्णा, बातमी लिहितोय. ते... तुमचं आडनाव काय हो?"

 पलीकडे कुठंतरी भांडी वाजत होती. मग दत्तण्णा हसला, नेहमीसारखा, मोकळा.

"आडनाव कशाला, मास्तर? तुम्हाला जागा नसते. नेहमीचंच लिहा की. कृष्णाबाई बरोबर तांबडी रेघ मारते."