आजोबांच्या खुर्चीचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. पँटीचा नव्हे, माणसाला खुर्चीला बांधून ठेवायचा. दचकलात ना? मला मात्र तेव्हा स्वतःचं भारी कौतुक होतं.

मला एका लेकीने शिवलं. ती शिवणकाम करायची. तिचे वडील, पूर्वीचे सुतार, वृद्धाश्रमात होते. ते खुर्चीतून सारखे उठायचे, आणि एकदा पडून त्यांनी कपाळ फोडून घेतलं. आश्रमातला विकतचा पट्टा पोटाला काचायचा. म्हणून लेकीने मऊ सुती कापड घेतलं, आत कापूस भरला आणि दुहेरी टीप मारली. बंद मुद्दाम पाठीमागे ठेवले, वडिलांचा हात पोचू नये म्हणून. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

आश्रमात सगळे त्यांना आजोबा म्हणत. सकाळचा चहा झाला की तिथले कर्मचारी मला बांधत. आजोबा थोड्या वेळाने चुळबुळ करत, मला ओढत, मग थकून गप्प बसत. आश्रमाच्या वहीत रोज लिहिलं जाई, 'आजोबा शांत.' ते ओले झाले की कपडे बदलत आणि मला पुन्हा बांधत. म्हातारपणी असं होतंच, असं सगळे म्हणत. मीही तेच धरून चाललो.

एका दुपारी माझ्यातून सुटायला आजोबा खाली सरकू लागले. सरकता सरकता मी त्यांच्या छातीवरून गळ्याशी आलो. त्यांचा चेहरा काळानिळा पडला. मित्रांनो, मी हादरलो! ज्यांना जपायला मला शिवलं, त्यांचाच गळा मी आवळत होतो, आणि मला सैल होता येत नव्हतं. नुकत्याच कामाला लागलेल्या नर्सबाई धावत आल्या आणि त्यांनी मला कात्रीने कापलं.

निरोप मिळताच लेक धापा टाकत आली. तिच्यासमोरच नर्सबाईंनी आजोबांना विचारलं, "आजोबा, उठून जायचं कुठे असतं तुम्हाला?"

"लघवीला," ते म्हणाले. मग लेकीकडे बघत हळूच म्हणाले, "तू एवढं मन लावून शिवलंस, म्हणून बोललो नाही."

लेकीने त्यांना हाताला धरून उठवलं आणि लघवीला नेलं.

आता नर्सबाई दर दोन तासांनी त्यांना विचारतात. भिंतीला धरायला दांडा लावला आहे. आजोबा हळूहळू स्वतः जाऊन येतात. पडायची भीती अजून आहेच, म्हणून कोणीतरी सोबत चालतं. मी दोन तुकडे होऊन कपाटात पडलो आहे, आणि तेच बरं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस सारखं उठत असेल, तर त्याला बांधू नका. जवळ बसा आणि कुठे जायचंय ते विचारा. मी पाच महिने आजोबांच्या पोटाला चिकटून होतो, तरी मला कळलं नव्हतं.