सगुणची झोप

आमच्या घराला गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. सासू ठार बहिरी. तिला चहा हवा का म्हणून विचारलं तरी निम्म्या सुर्ला गावाला कळतं. नवरा काशिनाथ पंचायतीत शिपाई, पण सोप्यावर बसला की सगळं सरकार तोच चालवतो असं वाटावं. गोवा राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, तरी मराठी की कोंकणी हा वाद आमच्या सोप्यावर काही मिटला नव्हता. दोन्ही बाजूंची माणसं एकाच बोलीत भांडायची आणि चहा माझ्याकडून प्यायची. मी पेडण्याची. आमच्याकडं माणसं या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलतात. लग्न होऊन इकडं आले तरी ते वळण काही गेलं नाही.

अशा घराला लागून सगुण बिऱ्हाड करून राहिला, हे त्याचं नशीब.

भाटकारानं, म्हणजे जमीनमालकानं, एक लांबलचक घर तोडून त्याची चार बिऱ्हाडं केली होती. मधल्या भिंती माणसाच्या डोक्याहून हातभर वर, आणि त्यावर कौलांपर्यंत सगळं मोकळं. त्याच्या चुलीचा धूर आमच्याकडं यायचा आणि आमचा आवाज त्याच्याकडं जायचा. सगुण दोडामार्गाकडचा. बायको नंदा आणि एकुलती एक मुलगी रेश्मा. तो खाणीवर पंप चालवायचा, कायम रात्रीच्या पाळीला. पावसाळ्यात खाण बंद. ट्रक उभे, नदीत माल नेणाऱ्या बार्जी उभ्या, बाकीचे कामगार आपापल्या गावी लावणीला जातात. पंपवाल्याला मात्र कुठं जाता येत नाही. खाणीच्या तळाला साचणारं पाणी रात्रभर उपसत राहावं लागतं. माणसाला डुलकी लागली आणि तेवढ्यात इंजीन बंद पडलं, की उजाडेपर्यंत पंपच पाण्याखाली जातो. सगुणच्या हातून एकदा तसं होता होता राहिलं होतं. तेव्हा सुपरवायझरनं सगळ्यांदेखत त्याला सुनावलं, की परत डोळा लागला तर घरी जाऊन झोप, मग कोणी उठवायला येणार नाही. म्हणजे दिवसा झोप झाली तरच त्याची नोकरी राहणार, आणि दिवसा तर त्याच्या भिंतीला आम्ही होतो.

बिचाऱ्यानं काय काय करून बघितलं. कानात कापूस कोंबला. डोक्याला ओला पंचा गुंडाळला. देवळाच्या मंडपात चटई घेऊन गेला, तर तिथं रिकामटेकड्यांनी पत्त्यांचा डाव मांडलेला. शेवटी घरीच यायचा आणि भिंतीवर मूठ आपटायचा. त्या दणक्यानं गिलावा सुटून माझ्या पाण्याच्या कळशीत पडायचा.

"वयनी! हय माणसा झोपतत!"

"आणि हय माणसा ऱ्हवतत!" मी इकडून.

म्हणजे आम्ही अगदीच बेपर्वा होतो असं नाही. वाटपाचा रगडा मी मागच्या पडवीत नेला. काशिनाथची सभा चार दिवस तिंठ्यावर पाठवली. पण सासूला काय करणार? तिच्याशी हळू बोलणं म्हणजे न बोलणंच, आणि म्हातारीला दिवसभर मुकं ठेवायला माझं मन तयार होईना.

पलीकडं नंदा नवऱ्याच्या झोपेला राखण बसायची. पदेर पाव घेऊन यायचा तेव्हा त्यानं सायकलचा भोंपू वाजवू नये म्हणून ती वाटेवर धावत सामोरी जायची. मासळीवालीनं हाक मारायची नाही, नुसता हात करायचा, असं तिला सांगून ठेवलेलं. भांडं ठेवायचं तर खाली फडकं. आणि या सगळ्यात रेश्मा वाढत होती. सकाळी ती शाळेत गेली की बाप कामावरून यायचा. दुपारी ती घरी आली की बाप गाढ झोपलेला असायचा. संध्याकाळी तो उठून चहा घेणार, डबा उचलणार आणि निघणार. तेवढ्यात काय बोलणं व्हायचं ते. सुट्टीच्या दिवशीही तो आठवड्याची झोप भरून काढायचा. मुलगी घशातून बोलायचंच विसरली होती. ओठ हलायचे, वारा यायचा, शब्द कानाला लागायचे नाहीत. तिसरीतल्या बाईंनी नंदाला शाळेत बोलावून विचारलं, मुलीच्या घशाला काही झालंय का?

त्या दिवशी नंदा माझ्या पडवीत बसून रडली. मी तिला पाव आणि चहा दिला आणि म्हटलं, "दुपारची तिका माझ्याकडे धाड. आमच्याकडे आवाजाक तोटो नाय."

पहिले काही दिवस रेश्मा दाराशीच उभी राहायची. मग सासूनंच तिला ओढून खाटेवर बसवलं. मुलगी काहीतरी कुजबुजली. म्हातारीनं कानाला हात लावला, "आं?" मुलगी परत कुजबुजली. "आं?" तिसऱ्यांदा तेच. आणि मग त्या एवढ्याशा छातीतून असा काही आवाज निघाला, की माझ्या हातातला डाव खाली पडला. "आजी, तुझ्या डोक्यात कोंबडीचा पीस आसा!" स्वतःचा आवाज ऐकून मुलगी आधी दचकली, आणि मग हसायला लागली. काय हसली! पोट धरून, मागं कलंडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला बघून सासू हसली. मीही हसले. पलीकडून भिंतीवर मूठ बसली.

नंदाला मी सांगितलं तेव्हा ती घाबरून म्हणाली, "त्यांका कळू देव नको हां वयनी. आपल्याच चेडवान झोपमोड होता म्हणून कळला, तर तिका धाडूचे नाय." सगुणला ती सांगायची, रेश्मा मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते. मी आपलं तोंड बंद ठेवलं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते तुम्ही समजून घ्या.

मग श्रावण सरत आला आणि गणपतीची चवथ जवळ आली. चवथीला देवळात वाड्यावरच्या बायकांची फुगडी असते आणि तिची तालीम आधीपासून चालते. बायकांना सवड मिळते ती दुपारी, जेवणं आवरल्यावर. बाहेर पाऊस, अंगणात चिखल, आणि वाड्यावरची सगळ्यांत मोठी साल, म्हणजे पुढची खोली, आमची. तेव्हा दरवर्षी तालीम आमच्याकडंच. त्या वर्षी मी नंदाला आधी विचारलं. तिनं बराच वेळ पदराचं टोक चिवडलं आणि म्हणाली, "रेश्माक खूप होया हा फुगडेत जावक." मग मी नाही कशी म्हणणार?

आम्ही पाय हळू आपटायचे ठरवलं होतं. फुगडीत ते कसलं जमतंय! पण मोठ्या बायका तरी जरा दमानं घेत होत्या. रेश्माला मात्र कोणी थांबवू शकेना. दोनच दिवसांत सगळी गाणी तिला पाठ झाली. ती एक ओळ टाकायची आणि आम्ही सगळ्या मागून उचलायचो. आणि तिचं ते "फू"! दहा बायकांचं एकीकडं आणि तिचं एकीकडं. भिंतीवर मूठ बसायची, आम्ही क्षणभर दबायचो, की परत तिचा आवाज वर जायचा. मी तिला गप्प कर म्हटलं नाही. मला ती तशी बघायला फार आवडायची. मला मुलगी नाही.

आणि एका दुपारी सगुण दारात येऊन उभा राहिला.

लुंगी कशीबशी गुंडाळलेली, डोळे लाल, तोंड सुजलेलं. तसाच झोपेतून उठून आला होता. आमच्या सालीत काळोख, त्यात बायकांची गर्दी. रेश्मा मधोमध. मी तिला माझं जुनं लुगडं आखूड करून नेसवलं होतं, केसांत अबोलीचा वळेसर माळला होता, तोंड घामानं लाल झालेलं. सगुणनं तिच्याकडंच बोट केलं.

"ह्याच ता चेडू! हेचोच आवाज! आठ दिवस माझ्या मेंदवात घुसता हा. कोणाचा ह्या? आवशी-बापाशीन वळण लावक नाय हेका?"

एकही बाई बोलली नाही. त्याला वाटलं आम्ही घाबरलो. तो आणखी एक पाऊल आत आला आणि ओरडला, "विचारतंय कोणाचा ह्या?"

रेश्माचे ओठ हलले. "बाबा," ती कुजबुजली.

त्या कुजबुजीवरून त्यानं तिला ओळखलं. आवाजावरून नाही, चेहऱ्यावरूनही नाही. कारण रोज संध्याकाळी डबा हातात देताना ती तेवढंच आणि तसंच बोलायची. त्याचं बोट तसंच वर राहिलं. मी माणसं मेलेल्या घरात गेले आहे, पुरात घर गेलेली माणसं पाहिली आहेत, पण माणसाचा चेहरा असा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. रेश्मानं केसांतला वळेसर काढून सासूच्या खाटेवर ठेवला आणि ती बापाच्या बाजूनं चवड्यांवर चालत घरी गेली.

त्या दिवशी तो झोपला नाही. तसाच कामावर गेला. पंपावर काय केलं कोण जाणे, पण नोकरी टिकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून येताना माझ्या पायरीखाली थांबला. वर ये म्हटलं तर आला नाही.

"वयनी, तिका बोलवा. खेळांदे. मी भित वाजवचय नाय."

खरंच त्यानं त्यानंतर भिंतीला हात लावला नाही. मी रेश्माला बोलावलं, तीही आली. शहाण्यासारखी सासूच्या खाटेवर बसली. सासू "आं? आं?" करत राहिली आणि मुलगी नुसती मान हलवत राहिली. फुगडीला ओढलं तर हात देऊन फिरायची, पण तोंड मिटलेलं. मी तिला गूळ-खोबरं दिलं, चिडवलं, एकदा रागावलेसुद्धा. चवथीच्या दिवशी देवळात सगळ्या बायका फेर धरून उभ्या राहिल्या, तेव्हा ती नंदाच्या मागं पदर धरून उभी होती. मी हाक मारली. तिनं मान हलवून नको म्हटलं.

चवथ झाल्यावर सगुणची सुट्टी आली. त्यानं नंदाला डिचोलीच्या बाजाराला पाठवलं. दुपारची वेळ. मी भिंतीशी बसून तांदूळ निवडत होते, सासूचा डोळा लागला होता, आमच्याकडं कधी नव्हे ती शांतता.

"रेश्मा," पलीकडून सगुणचा आवाज आला. "चल, फुगडी घालूया."

मग जमिनीवर पाय वाजले. मोठे, जड, बेताल पाय. "फू," तो म्हणाला. "फू... तू म्हण मगे. फू!" नुसतं त्याचंच ऐकू येत होतं. दुसऱ्या पायांचा आवाजही येत नव्हता. थोड्या वेळानं तो थांबला. धापा टाकत म्हणाला, "मोठ्यान म्हण गो. मी जागो आसय. ह्ये बघ, डोळे उघडे आसत माझे."

ती काहीतरी बोलली असावी, पण माझ्यापर्यंत आलं नाही. मग त्यानं तिला पंपाची गंमत सांगायला घेतली. एक बेडूक रोज इंजिनावर येऊन बसतो आणि इंजीन सुरू झालं की याच्या टोपीवर उडी मारतो, अशी काहीतरी. सांगून तो मोठ्यानं हसला. एकटाच हसला. परत तीच गंमत सांगितली, बेडकाचा आवाज काढून. मला तांदळातले खडे दिसेनात.

मग मी तेच तांदूळ परत एकदा निवडले. मुलगी तिथंच झोपली असावी, कारण पुढचं तो अगदी भिंतीला तोंड लावून, हळू बोलला.

"वयनी. आसात?"

"आसय."

"तुमी तिका कसा हसयतास?"

आमच्या घरात प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. माझ्या जिभेला तेवढं थांबणं माहीतच नाही. तरी मी थांबले. मग जे खरं होतं तेच सांगितलं.

"आमी कायच करणव नाय रे सगुण. तिका गप ऱ्हव म्हणणव नाय, इतक्याच."

पलीकडून आधी श्वास ऐकू आला आणि मग कळलं, तो रडतोय. एवढा भिंत हलवणारा माणूस तोंडात पांघरूण कोंबून रडत होता, मुलगी उठू नये म्हणून. माझ्या मनात आलं, ओरडून सांगावं त्याला, मोठ्यानं रड, उठू दे तिला, ऐकू दे तिला बापाचा आवाज. पण तिची झोप मोडेल म्हणून मीही गप्प बसले.