रविवारचा बिघाड

तो डबा चर्चच्या ऑफिसनं भंगारात काढला होता. आमच्या काजानी गावातल्या जुन्या सामानाच्या दुकानात, मोडक्या टोस्टरांच्या शेजारी पडला होता. काळा, जड, चार हार्ड डिस्क बसतील एवढा. असा डबा घरात इंटरनेटला जोडून ठेवला की लांब राहणाऱ्या माणसालाही आपले फोटो, कागदपत्रं त्यात साठवता येतात. माझी मुलगी मैयू लांब दक्षिणेला, तुर्कू शहरात असते. नाताळात ती म्हणाली होती, "बाबा, माझ्या सगळ्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी हवी. उद्या माझ्या घराला आग लागली तर?"

"माझं घर आहे की!" मी म्हणालो. एवढ्या घाईनं मी आयुष्यात दुसऱ्या कशाला हो म्हटलेलं आठवत नाही.

ऐलाला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती होती तोवर फोनवर बोलायचं खातं तिच्याकडे. मायलेकी तासन् तास बोलायच्या आणि मी आतल्या खोलीत वैतागायचो. ती गेली आणि मैयूचा फोन महिन्यातून एकदा येऊ लागला. "तिकडे किती थंडी?" "उणे अठरा." "इकडे उणे चार." संपलं! दोघांनाही पुढे काय बोलायचं ते माहीत नसायचं. फोन ठेवला की घर खायला उठायचं.

मी कागद कारखान्यात अडतीस वर्षं वायरमन होतो. म्हटलं, हा डबा म्हणजे किस झाड की पत्ती. कसलं काय! त्याला चालवणारी मूळ प्रणाली इतकी जुनी की बनवणाऱ्या कंपनीनंच तिच्यावर पाणी सोडलेलं. ती काढून नवी घालायची, तर डब्याला स्क्रीन जोडायला जागाच नाही. मैयू कॉम्प्युटरमधली, त्यामुळे रविवारी दुपारी तिला फोन लावला.

"आत पट्टीवर चार बारीक खिळे दिसतात का, बाबा?"

"दिसतात."

"त्यांना वायर जोडून लॅपटॉपला लावा. काय दिसतंय?"

"प्रश्नचिन्हं. आणि मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं काहीतरी."

ती हसली. अगदी खदखदून. "माहिती यायचा वेग चुकलाय. तो बदला." ते हसू ऐकून मी दोन मिनिटं वेग बदलायचाच विसरलो.

मग दर रविवारी एक नवं लफडं. नवी मोठी डिस्क आणली, तर तिला मधली स्क्रूची भोकं नाहीत, म्हणजे जुन्या खाचेत बसणार कशी? खाचेलाच भोकं पाडली. डिस्क बसली, पण फिरेना. मेल्यासारखी गप्प. दोन रविवार त्यात गेले. शेवटी मैयूनं शोधून काढलं की नव्या डिस्कला तिसऱ्या टोकातून वीज मिळाली की ती झोपूनच राहते, आणि आमचा म्हातारा डबा नेमकी तिथून वीज देत होता. त्या टोकावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला आणि बाईसाहेब गुणगुणायला लागल्या. पुढच्या रविवारी नव्या प्रणालीनं नेटवर्कचं पोर्टच ओळखायला नकार दिला.

पण खरं सांगू? मी स्क्रू पिळत असायचो आणि मैयू तिकडे कांदा चिरत बोलत असायची. "बाबा, आई कारेलियन मांसाच्या रश्शात अख्खी मिरी किती टाकायची हो?" एकदा नवऱ्याचा विषय काढून म्हणाली, "यानीचं आणि माझं हल्ली पटत नाही. कुणाला सांगितलेलं नाही अजून." मी हातातला पेचकस खाली ठेवला. "मी ऐकतोय," एवढंच म्हणालो. ती पुढं पाऊण तास बोलली. डबा राहिला बाजूला.

मार्चअखेर डबा चालला. मैयूचे फोटो येऊ लागले, दिवा लुकलुकू लागला. सगळं तिनं तिच्याच किल्लीनं बंद केलेलं, मला एकही उघडता येत नव्हता, पण त्याचं मला काही नव्हतं. शनिवारी आमच्या इमारतीच्या सौनात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ करायच्या खोलीत, वरच्या फळीवर घाम गाळत, मी कैनोला हे सगळं फुशारकीनं सांगितलं. कैनो खालच्या मजल्यावरचा, जिभेला हाड नसलेला.

"वा रे मर्दा! म्हणजे काम संपलं?"

"संपलं."

"मग आता पोरगी फोन कशाला करेल तुला?"

"गप रे. पाणी ओत दगडांवर."

गाढव! पण बोलला ते खरं निघालं. पुढच्या रविवारी फोन नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी केला, तर म्हणाली, "मस्त चाललंय, बाबा! मी तर विसरूनच गेले की ते तुमच्याकडे आहे." मग थंडी किती ते झालं आणि संपलं.

तिसऱ्या रविवारी दुपारी मी कॉफी घेतली, डब्यापाशी गेलो आणि नेटवर्कची वायर उपसली. मला लाज वाटली. वीस मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, डबा दिसत नाहीये. काय झालं?"

"काही कळत नाही बघ. ते पोर्ट परत रुसलं वाटतं."

दीड तास बोललो. यानी वेगळा राहायला गेला होता. ती रडली, मग स्वतःवरच हसली. शेवटी मी वायर लावली आणि "अगं, आलं बघ!" म्हणालो. दोघंही खूश.

त्यानंतर मी सोकावलो. पुढच्या रविवारी डिस्क फिरेना, त्याच्या पुढच्या रविवारी पंखा, मग पुन्हा पोर्ट. या जुन्या खोक्याला आणि नव्या सामानाला एकमेकांशी जमवून घेताच येत नाही, असं मी तिला इतक्या तऱ्हांनी पटवलं की मलाच ते खरं वाटायला लागलं.

जूनमधल्या एका रविवारी मी वायर काढलीच नव्हती. बटाटे सोलत होतो आणि फोन वाजला. मैयू! आपणहून! मी ओला हात शर्टाला पुसला.

"बाबा, रागावणार नाही ना?"

"अगं, मी कशाला रागावेन?"

"मी फोटो दुसरीकडे हलवलेत. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे. तिचा डबा नवा आहे, कधीच बंद पडत नाही."

"मी दुरुस्त करतो की. चालू आहे आत्ता. बघ तू."

"किती करणार, बाबा? जानेवारीपासून त्याच्यापायी तुमचे सगळे रविवार वाया गेले. मला वाईट वाटतं हो. आता तुम्ही सुटलात."

डब्याला काही झालं नव्हतं, मीच वायर काढत होतो. एवढंच सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर का काढत होतो तेही सांगावं लागलं असतं, आणि 'तुझ्याशी बोलावंसं वाटतं' हे मी ऐलालासुद्धा कधी धड सांगू शकलो नव्हतो.

"बरं केलंस," मी म्हणालो.

"तुमची काही चूक नाही. जुनीच वस्तू ती."

"हो ना. जुनीच."

"तुमच्याकडचे फोटो मी इथूनच पुसून टाकते. तुम्हाला काहीसुद्धा करावं लागणार नाही."

फोन ठेवून मी डब्यासमोर खुर्ची ओढून बसलो. दिवा भराभर लुकलुकत होता. तास-दीड तास तसाच लुकलुकला, मग थांबला. पोर्ट, पंखा, डिस्क, सगळं ठणठणीत होतं.