धुळीखाली अडकलेला धूर

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. भिंतीवर आरामात टांगलेला नव्हे. वेधशाळेच्या गच्चीवरून दोरीला बांधलेला फुगा वर सोडतात, त्याच्याखाली पत्र्याच्या पांढऱ्या डब्यात मी लटकतो. माझी बारीक तार खाली एका तबकडीला जोडलेली असते. वरची हवा किती गरम आहे, ते मी तिथे सांगतो, आणि त्याच तारेतून खालचं बोलणं ऐकतो. पहिल्यांदा वर गेलो तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. खरं सांगायचं तर आजही बसते.

मला घडवणाऱ्या कारागिराने दहा वेळा बर्फात बुडवलं, आणि दहाही वेळा शून्य दाखवल्यावरच पेटीत ठेवलं. पुढची बरीच वर्षं माझी चैन होती. गावाच्या खोलगट भागात लोखंड वितळवायची भट्टी आहे. भट्टी पेटवण्याआधी दुपारी तिथून फोन येई, “धूर चढेल का?” वर गार हवा असली की धूर सरळ निघून जातो. मी गार म्हणालो की ते पेटवत.

मग एकदा माझ्या तारेचा सांधा गंजला आणि वर गरम आहे असं मी काहीबाही बरळलो. भट्टी त्या दिवशी उगाच बंद राहिली. वेधशाळेच्या मोठ्या साहेबांना वरून बोलणी खावी लागली, आणि माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. सांधा नवा झाला, पण तेव्हापासून माझा डबा पुसायच्या त्या फक्त वेधशाळेच्या निरीक्षक ताई.

एके वर्षी दूरच्या वादळातली धूळ आमच्या डोक्यावर येऊन थांबली. वारा पडला, धूळ मात्र उतरेना. तिसऱ्या दुपारी ताईंनी मला वर सोडलं. खाली उन्हाचा पत्ता नव्हता, जमीन गारठली होती. वर मात्र धूळच ऊन पिऊन तापली होती आणि भोवतालची हवा तापवत होती. चारशे मीटरवर जमिनीपेक्षा चार अंश जास्त! मी घाबरलो. माझं डोकं पुन्हा फिरलं की काय?

“वर कधी गरम असतं का?” साहेब म्हणाले. “हा परत थापा मारतोय. मी भट्टीवाल्यांना सांगितलंय पेटवायला.”

मला खाली ओढून ताईंनी डबा पुसला आणि मला बर्फात धरलं.

“शून्य दाखवतोय, साहेब. मग खोटा कसा?”

साहेबांनी मान फिरवली. ताईंनी मला पुन्हा वर सोडलं. पुन्हा चार अंश. आपण खोटे ठरू या भीतीपेक्षा आपण खरे आहोत ही भीती मोठी असते, हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात भट्टीचा धूर निघाला. माझ्या बराच खाली येऊन तो अडला. वरची गरम हवा झाकणासारखी बसली होती. धूर आडवा पसरला आणि कामगारांच्या घरांवर उतरू लागला. भट्टीचे मुकादम म्हणजे ताईंचे थोरले भाऊ, आणि त्यांचं दोन महिन्यांचं बाळ त्याच घरांमध्ये होतं. मला ओरडता येत नव्हतं. मी फक्त चार अंश, चार अंश एवढंच सांगत राहिलो.

ताईंनी फोन लावला. “दादा, भट्टी विझव.”

“साहेबांचा हुकूम आहे?”

“नाही. मी सांगतेय. आणि सगळ्यांना टेकडीवर ने, वहिनी आणि बाळालाही.”

“अगं, लोखंड वितळायला लागलंय. ते आतच थिजलं तर भट्टी फोडावी लागेल. त्या डब्याच्या भरवशावर?”

“हो, त्याच्याच.”

पलीकडे भट्टीचा भोंगा वाजला. धुराखालून माणसं खोकत, एकमेकांचे हात धरून चढताना मला दिसली. शेवटून दुसऱ्या होत्या वहिनी, पदराखाली बाळ घेऊन, आणि सगळ्यांत शेवटी दादा. बाळ रडत होतं. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

भट्टी फोडावी लागली, पण माणसं सगळी वाचली. साहेब आता काही विचित्र आकडा दिसला की स्वतः बर्फ मागवतात.

माझी तार आता झिजली आहे, मित्रांनो. आमच्यासारखी यंत्रं तुमच्याजवळ असतील तर त्यांच्यावरची धूळ पुसत जा, त्यांचे सांधे तपासत जा. मी चुकतोय असं वाटलं, तर मला खुशाल बर्फात बुडवा. पण त्यानंतरही मी तेच सांगत राहिलो, तर माझ्यावर रागावू नका. घाबरा.