बॉयलर उकळतोय, घर गारठलंय

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी इंग्लंडमधल्या कीथली गावी नॉर्मन पिकल्सच्या स्वयंपाकघरातला, घरभरच्या रेडिएटरांत गरम पाणी फिरवणारा बॉयलर खदखदू लागला. पाच मिनिटं आतून कुणी हातोडी मारतंय असे ठोके द्यायचा आणि लाल दिवा लावून रुसून बंद पडायचा. घर मात्र बर्फासारखं गार. एडना ओव्हरकोट घालून टोस्टला लोणी लावत होती, पण ते काही पसरत नव्हतं.

"दुरुस्तीला माणूस बोलव," ती नवऱ्याला म्हणाली.

"चाळीस वर्षं बस चालवली मी. इंजिन तापलं की काय करायचं, ते मला नको शिकवू."

"इंजिन तापलं की तू डेपोला फोन करायचास."

नॉर्मननं फोन केला, पण तो मेव्हण्याला. क्लिफर्डनं एकदा स्वतःचा व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त केला होता आणि त्या पुण्याईवर तो तीस वर्षं सल्ले देत होता. आल्या आल्या त्यानं बॉयलरला कान लावला. कान भाजला.

"हवा अडकलीय," कान चोळत तो म्हणाला. "रेडिएटरचा स्क्रू जरा सैल कर."

नॉर्मननं इतका सैल केला की स्क्रू निघून कपाटाखाली गेला. काळ्याकुट्ट पाण्याची चिळकांडी क्लिफर्डच्या पांढऱ्या स्वेटरवर उडाली. नॉर्मननं चटकन भोकावर अंगठा दाबला.

"आता?" क्लिफर्डनं विचारलं.

"आता मी इथंच."

एडनानं शांतपणे फोन उचलला.

तासाभरानं बॉयलर दुरुस्त करणारी शबनम मिर्झा हत्यारांची पेटी घेऊन आली, तेव्हा एक म्हातारा रेडिएटरला अंगठा लावून उकिडवा बसला होता आणि दुसरा एडनाच्या गुलाबी गाऊनमध्ये चहा पीत होता. तिनं दोघांनाही काही विचारलं नाही. कपाटाखालून स्क्रू काढला, घट्ट बसवला आणि बॉयलरकडे गेली.

"हे कांदे इथं कुणी टांगले?"

"मी, कालच," नॉर्मन अभिमानानं म्हणाला. "पाच किलो आहेत. हवेशीर जागा आहे."

"काका, ही रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळाची दांडी आहे. तुमच्या कांद्यांच्या वजनानं ती खाली आली आणि वाट बंद झाली. बॉयलर बिचारा तेच ते पाणी उकळत बसलाय."

क्लिफर्डनं गाऊनचा पट्टा आवळला.

शबनमनं कांद्यांची पिशवी उतरवली, दांडी सरळ केली, कमी झालेलं पाणी भरलं आणि बटण दाबलं. पाव तासात रेडिएटर तडतडत तापले.

"मला तसाच संशय होता," नॉर्मन म्हणाला.

"हो ना," एडना म्हणाली. "अंगठा लावून विचारच करत होतास."

त्या दिवशी जेवायला तिनं कलेजी केली, कांदे भरपूर घालून. नॉर्मननं मुकाट्यानं दोनदा वाढून घेतली.