सोडा म्हणजे सोडा

मंडळातल्या पोरांनी तिला मुकादम हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. चार खुर्च्या लावायच्या असल्या तरी ही मधोमध उभी राहून हातवारे करणार, आणि खुर्च्या लागल्यावर पुन्हा सगळ्या काढून नीट लावायला लावणार. पण कामाला वाघ होती, हे तिच्या मागे कुरकुरणारेही कबूल करत. म्हणून मंडळासाठी केक विकून पैसे जमवायचं ठरलं, तेव्हा सूत्रं आपोआप तिच्याच हातात गेली. गेली कसली, तिनेच घेतली.

पैसे कशाला हवे होते, ते आधी सांगते. मुकादमचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मंडळाच्या नाटकांचा जीव होता. लिहायचा तोच, बसवायचा तोच, आणि ऐन वेळी कोणी पळून गेलं की उभाही राहायचा तोच. गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पडला आणि चाकाच्या खुर्चीत आला. तरी नाटक सुटलं नव्हतं. पण हॉलला होत्या पायऱ्या. रोज संध्याकाळी ही खाली उभी राहून "उचला!" म्हणणार आणि पोरं दादाला खुर्चीसकट वर नेणार. एके दिवशी दादा घरी आला आणि म्हणाला, "मी काय कपाट आहे का? बास झालं. त्या हॉलमध्ये मी पुन्हा चाक ठेवणार नाही." आणि खरंच ठेवलं नाही. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघायचा. विचारलं तर म्हणायचा, मजेत आहे. कसली मजा! भाऊ डोळ्यांदेखत विझत चाललेला तिला दिसत होता. हॉलला रॅम्प झाला की दादा परत येईल, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं होतं.

आता केक. मुकादमने उभ्या आयुष्यात केक केला नव्हता, पण म्हणून अडणार ती मुकादम कसली! मावशीच्या हातचा केक सगळ्या नातेवाइकांत नावाजलेला. मावशीला लिहिण्याचा कंटाळा, बोलण्याचा मात्र अजिबात नाही. तिने फोनवर भलामोठा व्हॉइस मेसेज पाठवला. मग काय, सुट्टीच्या दिवशी सकाळी हॉलमागच्या स्वयंपाकघरात मुकादमने फौज उभी केली आणि आपली पद्धत समजावून सांगितली.

"एकेकाने एकेक जिन्नस सांभाळायचा. मी ऐकणार, मोठ्यांदा सांगणार. आपल्या जिनसाचं नाव कानावर पडलं की तो घालायचा. मध्ये बडबड नको आणि प्रश्न तर अजिबात नकोत. दहा वाजता गिऱ्हाईक येणार आहे."

मैदा मिळाला पैलवानला, जो फुंकर मारली तर उडून जाईल इतका हडकुळा होता. अंडी, दूध, साखर वाटून झाली. सोड्याचा डबा गेला होयबाकडे. हा मुलगा फार गुणी. त्याला आजवर कोणी नाही म्हणताना ऐकलं नव्हतं. तो वाढायचा चमचा हातात घेऊन भांड्याशी असा उभा राहिला, की जणू सीमेवर पहारा देतोय.

मुकादमने एका कानात इअरफोन घातला. इकडे लोणी फेटायचं यंत्र सुरू झालं आणि त्याच्या घरघरीत कोणाचं कोणाला ऐकू येईना. ती जीव तोडून ओरडायला लागली.

"अंडी एकेक करून सोडा!"

अंडी पडली. होयबाने चमचाभर सोडाही टाकला.

"मैदा हळूहळू सोडा!"

पैलवानने मैदा सोडला. होयबाने सोडा.

"दूध धारेनं सोडा!" दूध पडलं, सोडा पडला. "इसेन्सचे थेंब सोडा!" पुन्हा तेच. खरा सोडा घालायची वेळ आली तेव्हा मावशी दोनदा म्हणाली, "आता सोडा, सोडा बरं का," म्हणून होयबाने दोनदा घातला. बिचाऱ्याचा हात भरून आला होता. पण कामात कसूर? नाव नको.

शेवटी मावशी प्रेमाने म्हणाली, "झालं गं बाळा. भांडी ओव्हनमध्ये ठेवा आणि काळजी सोडा!" मुकादमने तेही जसंच्या तसं ओरडून सांगितलं. होयबाने डबा उपडा करून उरलासुरला सोडा झटकला आणि मोकळा झाला.

सुरुवातीला तर आनंदीआनंदच होता. ओव्हनच्या काचेतून बघून पोरं टाळ्या वाजवत होती. "बघा कसा फुगतोय!" केक फुगला. मग आणखी फुगला. मग भांड्याच्या काठावरून खाली ओघळला, जाळीतून लोंबला, तळाशी जाऊन जळायला लागला. मुकादमने किंचाळून दार उघडलं, तशी गार हवा लागून सगळे केक एकदम फुस्स करून बसले. मधोमध खड्डे आणि रंग विटेचा. पैलवानने धीर करून एक कोपरा तोंडात टाकला आणि तो धावत नळाकडे गेला.

"कपडे धुतल्यासारखं वाटतंय तोंडात," तो चूळ भरून म्हणाला.

झालं! मुकादमच्या रागाचा पारा चढला. "होयबा! किती सोडा घातलास तू?"

"तू सांगितलास तितका, ताई."

"मी? मी सांगितला? थांब, सगळ्यांसमोर ऐकवते तुला!" तिने इअरफोन उपटला आणि मावशीचा मेसेज मोठ्या आवाजात लावला. अंडी सोडा. मैदा सोडा. दूध सोडा. प्रत्येक सोड्याला होयबा मान डोलवत होता. "हा घातला. हाही घातला." काळजीच्या सोड्यापाशी पैलवान जमिनीवर बसून पोट धरून हसायला लागला आणि मग सगळ्यांचीच हसून हसून मुरकुंडी वळली.

"मला वाटत होतं, जरा जास्तच होतोय," होयबा कानकोंडा होऊन म्हणाला. "पण प्रश्न विचारायचे नाहीत, असं तूच सांगितलंस."

मुकादमला हसू आलं नाही. चूक होयबाची नव्हतीच, तिच्या हुकमाची होती, आणि आता ते कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "माझंच चुकलं रे," ती म्हणाली आणि डोळ्यांना पाणी आलं म्हणून तोंड फिरवून बाहेर पळाली.

पायऱ्यांच्या खाली, केक मांडायच्या टेबलापाशी, दादा येऊन बसला होता. आपला आपण खुर्ची ढकलत आला होता. बहिणीचा पहिला केक आपणच विकत घ्यायचा, असं घरातून ठरवून निघाला होता. त्याला बघताच तिचा बांध फुटला.

"सगळं वाटोळं केलं मी, दादा. रॅम्प गेला. आता तू येणारच नाहीस."

"अगं, आधी झालं काय ते सांग."

तिने हुंदके देत देत सांगितलं. काळजीच्या सोड्यापर्यंत पोहोचेतो दादा इतका हसला की खुर्ची मागे सरकायला लागली आणि ब्रेक लावावा लागला. असं हसताना त्याला तिने वर्षभरात बघितलं नव्हतं. डोळे पुसत तो म्हणाला, "आण ते केक खाली. सगळे आण. हे विकायचं माझ्याकडे लागलं."

आणि मग दादाने जे दुकान मांडलं, ते बघण्यासारखं होतं. "या, या! तोंड वाकडं न करता एक तुकडा खाऊन दाखवा! पैसे आधी डब्यात टाका, पाणी फुकट!" रस्त्यावरचे लोक थांबले. मास्तर आले, एका घासात त्यांच्या भुवया टाळूला लागल्या. मास्तरांचं झालेलं बघून शिंपी आला, शिंप्याची फजिती बघायला त्याची बायको, आणि तिची बघायला आख्खी गल्ली. दादा प्रत्येकाच्या तोंडाचं साग्रसंगीत वर्णन करत होता आणि लोक पुन्हा पुन्हा पैसे टाकत होते.

मग आला कोपऱ्यावरचा सुतार. त्याने तुकडा घेतला, शांतपणे चावला, गिळला आणि वर बोट चाटलं. चेहऱ्यावर सुरकुती नाही.

"काका, तुम्हाला काहीच झालं नाही?" मुकादमने डोळे विस्फारले.

"एकटा राहतो गं. रोज स्वतःच्या हातचं खातो. हे त्यामानाने बरंय." सुताराने दुसरा तुकडा उचलला. "पण हे पैसे जमवताय कशासाठी? फलकावर नुसतं 'मंडळाच्या कार्यासाठी' लिहिलंय. सहलीला चाललाय काय?"

"म्हणजे, हॉलच्या थोड्या सुधारणा..." मुकादम चाचरली. दादाला चारचौघांत लाज वाटेल म्हणून तिने रॅम्पचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं.

"माझ्यासाठी," दादा खणखणीत आवाजात म्हणाला. "मला नाटक करायचंय आणि वर जायला रस्ता नाही. पोरं प्रेमाने उचलतात, पण मला उचलून घेतलेलं आवडत नाही. रॅम्प हवाय." मग बहिणीकडे वळून हळूच म्हणाला, "लपवायचं कशाला, बये? मला एकदा विचारायचं होतंस."

तिने त्याचा हात घट्ट धरला.

"अहो, मग केक कसले भाजत बसलात?" सुतार ओरडला. "रॅम्पला फळ्या लागतात, फळ्या!"

डब्यात जमलं ते फळ्यांना गेलं. सुताराने उतार भिंतीच्या कडेने लांबवर घेतला, म्हणजे खुर्ची मागे उलटायला नको. दुपारभर रस्त्यावर ठोकाठोक चालू होती. पोरं फळ्या धरत होती, मास्तर खिळे पुरवत होते आणि आज पहिल्यांदाच मुकादम कोणालाही काही सांगत नव्हती. ऊन कलता कलता काम झालं.

दादा रॅम्पच्या पायथ्याशी आला. सवयीने दोघंतिघं पुढे धावले. मुकादमने त्यांना अडवलं आणि विचारलं, "दादा, कोणी मागे येऊ दे का?"

"नको," दादा म्हणाला.

त्याने चाकं धरली. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण खुर्ची इंच इंच वर चढत दारापर्यंत पोहोचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आता आत जाणार, म्हणून सगळे बघतायत, तर हा गडी दारातच गर्रकन वळला आणि सुसाट खाली आला. लोकांचा जीव घाबरा झाला. खाली पोहोचताच त्याने पुन्हा चाकं धरली आणि पुन्हा वर निघाला.

"अरे, आत तरी जा!" मुकादम रडत, हसत ओरडली.

"जाईन गं," धापा टाकत तो वरून म्हणाला, "पण माझा मी जाईन." आणि पुन्हा खाली आला.