कोपरावरचं ठिगळ

बेचाळीसच्या धामधुमीत सहदेव घरातून गेला, त्याला आता दहा महिने झाले होते. टेलिफोनच्या तारा तोडल्याबद्दल त्याच्यावर वॉरंट होतं. नेरळजवळच्या वाडीत त्याची बायको जयवंता आणि आई अंबाबाई, दोघीच राहत.

त्या सकाळी फौजदार थेट ओटीवर आला. अंबाबाई तापाने फणफणत गोधडी पांघरून पडली होती. त्याने जयवंतापुढे फोटो धरला. माथेरानच्या बाजारात कुणा पाहुण्याने काढलेला. घोडे, दुकानं, आणि डोक्यावर ट्रंक घेतलेला एक हमाल. ट्रंकेच्या सावलीत तोंड बुडालेलं.

“हा तुझा नवरा का? नीट बघ.”

“तोंड कुटं दिसतंय, सायेब?”

म्हणता म्हणता तिची नजर हमालाच्या वर गेलेल्या हातावर पडली. सदऱ्याच्या कोपरावर रुईफुली काठाचं ठिगळ. तिच्याच लग्नातल्या लुगड्याचा काठ! घाईत उलटा लावला होता तिने, आणि सहदेव त्यावरून किती हसला होता.

जिवंत होता तो. तिने जीभ दाताखाली धरली. आणि तेवढ्यात तिला आठवलं, उरलेला काठ सासूच्या गोधडीला लावलेला. फौजदाराच्या बुटांपासून हातभर अंतरावर तो लोळत होता.

“बोलत का नाहीस?”

“काय बोलू? असले हमाल डोंगरावर पन्नास हायेत.”

त्याने फोटो अंबाबाईपुढे नेला. म्हातारीने तो डोळ्यांशी धरला. बराच वेळ. मग हुडहुडी भरल्यागत पाय पोटाशी घेतले नि गोधडी ओढली. काठ आत गेला.

“ह्यो माझा नाय,” ती म्हणाली. “माझा पोरगा असा खाली मान घालून चालायचा नाय.”

“उद्या माथेरानला जातोच आहे मी. कळेल,” म्हणत फौजदार पायऱ्या उतरला.

बुटांचा आवाज विरला तशी अंबाबाई थरथरत उठून बसली.

“शेजारची आवडी मोळी घेऊन वर माथेरानला निघाली आसंल. पळ गं! त्याला म्हनावं, आजच हाल तिथनं.”

जयवंता बांधाबांधाने धावत सुटली. आवडी तिला डोंगराच्या पायथ्याशी भेटली.

दुसऱ्या दिवशी बाजारातले सगळे हमाल रांगेत उभे केले गेले. सहदेव तोवर मागच्या वाटेने उतरून खालापूरकडे निघून गेला होता.

वॉरंट उठलं ते शेहेचाळीस साली. तो घरी आला, तेव्हा अंबाबाईला जाऊन तीन वर्षं होत आली होती. त्या तापातून ती उठलीच नाही.

“आयनं मला कशावरनं वळखलं?” त्याने विचारलं.

जयवंताने गोधडीचा तो काठ बोटांनी चाचपला. सासूला ते विचारायचं राहूनच गेलं होतं.